दोन विमानतळांमधले अंतर आणि उड्डाणाचा वेळ: माझा अनुभव

आईला एका लहान विमानतळावरून दुसऱ्या लहान विमानतळावर विमानाने न्यायचे ठरले, तेव्हा मला एकाच गोष्टीची काळजी होती. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर तिला तासाभराहून जास्त वेळ पाय दुमडून बसवत नाही. तिकिटावर सव्वा तास छापलेला होता, अंतर मात्र कुठेच दिलेले नव्हते. म्हणून ते मी स्वतःच काढायला बसले.

दोन्ही ठिकाणचे अक्षांश-रेखांश सहज मिळाले. विमानतळाचे म्हणून जे आकडे दिलेले असतात, ते त्याच्या संदर्भबिंदूचे, म्हणजे साधारणपणे धावपट्टीच्या मध्याचे असतात. चूक झाली ती पुढे. एका विमानतळाचा अक्षांश दशांशात होता, ३१.५०, आणि दुसऱ्याचा २८ अंश ३० मिनिटे असा होता. तो मी घाईत २८.३० लिहिला. एका अंशात ६० मिनिटे असल्यामुळे तो २८.५० हवा होता. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे जवळजवळ एक नॉटिकल मैल, अर्थात १.८५२ किलोमीटर, त्यामुळे तेवढ्या चुकीने उत्तर-दक्षिण अंतर २२ किलोमीटरने वाढले होते.

दुरुस्तीनंतर अक्षांशांतला फरक ३ अंश, म्हणजे १८० नॉटिकल मैल आला. रेखांशांत २ अंशांचा फरक होता, पण रेखावृत्ते ध्रुवांकडे एकमेकांजवळ येत जातात. ३० अंश अक्षांशावर त्यांच्यातले अंतर विषुववृत्तावरच्या अंतराच्या ०.८६६ पट उरते, म्हणून १२० ऐवजी १०४ नॉटिकल मैल धरले. एवढ्या जवळच्या दोन ठिकाणांसाठी पृथ्वीचा गोलवा सोडून दिला तरी फारसे बिघडत नाही. काटकोन त्रिकोणाच्या साध्या हिशेबाने कर्ण २०८ नॉटिकल मैल, म्हणजे ३८५ किलोमीटर निघाला.

आमचे विमान पंख्यांचे एटीआर ७२ होते, आणि ते ताशी सुमारे ५०० किलोमीटर वेगाने जाते. भागाकार केला, ४६ मिनिटे आली. मग सव्वा तास कशाचा? वेळापत्रकातला वेळ विमान उभ्या जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर उभे राहीपर्यंतचा असतो, आणि त्यात धावपट्टीपर्यंत जाणे, चढताना-उतरताना कमी असलेला वेग, वाऱ्याच्या समोर तोंड करून उतरण्यासाठी घ्यावा लागणारा वळसा आणि थोडी राखीव मिनिटे असे सगळे येते. वाऱ्याचाही हिशेब करून पाहिला: ताशी ५० किलोमीटरचा समोरचा वारा असेल तर ४६ ची ५१ मिनिटे होतात, पाठीमागचा असेल तर ४२. प्रवाशाला बसावे लागते ते मात्र दार बंद झाल्यापासून दार उघडेपर्यंत, आणि आईसाठी मला तोच आकडा महत्त्वाचा वाटला.

प्रत्यक्षात चाके जमिनीवरून उचलल्यापासून टेकेपर्यंत ५४ मिनिटे लागली, तर दार बंद होऊन उघडेपर्यंत ७३. मध्ये पट्ट्याचा दिवा विझला तेव्हा हवाई सुंदरीला विचारून मी आईला मागच्या रांगेपर्यंत चालवून आणले आणि दिवा पुन्हा लागण्याआधी तिला जागेवर बसवले. परतीच्या प्रवासासाठी तिची जागा मी खिडकीची बदलून मधल्या वाटेकडेची करून घेतली.