जुने युकाते, नवी गोधडी

जपानमधल्या क्योटोच्या तोजी देवळाच्या आवारात दर महिन्याच्या २१ तारखेला मोठा बाजार भरतो. कोबो दाइशी या थोर बौद्ध भिक्षूंच्या पुण्यतिथीची ही तारीख. चिनीमातीची भांडी, लोणची, रोपं, सुतारकामाची हत्यारं, आणि मधेमधे जुन्या कपड्यांचे ढीग. गर्दी असते ती रेशमी किमोनोंपाशी. मी सुती ढिगाशी बसते.

युकाता म्हणजे बिनअस्तराचा सुती झगा. उन्हाळ्यात, आंघोळीनंतर, उत्सवाच्या संध्याकाळी घालायचा. वर्षानुवर्षं धुऊन तो इतका मऊ होतो की गोधडीसाठी त्याहून चांगलं कापड मला तरी माहीत नाही. आपल्या आज्याही गोधडीला नेसून नेसून मऊ झालेलं लुगडंच घ्यायच्या.

पण मी खरी भाळले ती त्याच्या शिवणीवर. या कापडाचा पन्हा जेमतेम ३६ ते ३८ सेंटिमीटर, आणि साधारण १२ मीटरच्या एका ताग्यात एक युकाता होतो. सगळे तुकडे सरळ, लांबट. पाठ-पोटाची पट्टी खांद्यावरून अखंड खाली येते. तिथे जोडच नाही. कात्री लागते ती गळ्यापाशी थोडीशी. जादा कापड कापून टाकत नाहीत, शिवणीच्या आत दुमडून ठेवतात. जुना हातशिलाईचा युकाता धावदोऱ्याचा असतो, टाके सहज उसवतात. उसवला की पुन्हा पट्ट्याच हाती येतात, काठासकट. तीन-तीन मीटरचं सलग कापड! शर्ट उसवून असं काही मिळत नाही.

घेताना मी आधी उलटी बाजू बघते. चुसेन पद्धतीत कापडाच्या घड्या एकावर एक घालून, न रंगवायच्या जागी खळ लावून, वरून रंग ओततात आणि खालून ओढून घेतात. मग थप्पी उलटून पुन्हा ओततात. त्यामुळे रंग आरपार जातो, दोन्ही बाजू सारख्याच दिसतात. मेइजी काळात (१८६८-१९१२) ओसाकात सुरू झालेली ही पद्धत गोधडीवालीला फार सोयीची: एक बाजू उन्हाने विटली असेल तर सरळ दुसरी वर घ्यायची. नुसत्या छापील कापडाची मागची बाजू फिकी पडते. मग झगा उजेडाकडे धरायचा. बसण्याच्या जागी कापड हमखास विरलेलं असतं, बाह्या मात्र बऱ्याचदा धडधाकट. निळीचं कापड असेल तर पाणी स्वच्छ निघेपर्यंत वेगळं धुवायचं. नाहीतर शेजारचा पांढरा तुकडा निळा झालाच म्हणून समजा.

नीळ म्हटलं की कुरुमे या जपानी शहराचं कासुरी कापड आलंच. सूत आधी बांधून रंगवायचं आणि मग विणायचं, त्यामुळे नक्षीच्या कडा किंचित थरथरल्यासारख्या दिसतात. आपल्याकडे इकत ओळखणाऱ्याला ते लगेच आपलं वाटेल. जुन्या पट्ट्यापट्ट्यांच्या कापडातही आपला धागा आहे: चेन्नईतल्या सान तोमेच्या नावाने ओळखलं जाणारं पट्टेदार सुती कापड एके काळी जहाजांतून इथे यायचं, पुढे जपानी विणकरांनी ते स्वतः विणायला घेतलं.

उत्तरेकडे, आओमोरीच्या थंडीत कापूस पिकत नसे. पश्चिमेकडची जुनी सुती कापडं बोटीने तिकडे जायची आणि बायका चिंध्यांवर चिंध्या जोडून, धावदोरा घालून त्यांची पांघरुणं करायच्या. त्या काळच्या गरिबीची ही बोरो पांघरुणं आज संग्रहालयात काचेमागे आहेत. ती बघताना मला शिवणाऱ्या हातांबद्दल अपार आदर वाटतो, आणि म्हणूनच माझा एक नियम आहे: जो युकाता अजून अंगावर घालता येईल त्याला कात्री लावायची नाही. डागाळलेले, फाटलेले, बाही नसलेले तेवढे माझे. ते ढिगात तळाला असतात आणि काही शे येनांत मिळतात.

इकडे येणार असाल तर २१ तारीख धरून या, सकाळी लवकर. दुपारनंतर दुकानदार आवरायला लागतात.