बाटलीचे शिंके

क्रोशाच्या विणकामाने आपल्याकडे बरीच वर्षे आरामात काढली. टीव्हीवरचा रुमाल, टिपॉयवरची जाळी, देवघराच्या दारावरचे तोरण आणि ख्रिस्ती शेजाऱ्यांकडे वेदीवरच्या पांढऱ्या कापडाची नाजूक किनार, ही सारी कामे मानाची असली तरी बसून करण्याची होती. त्यांत ओझे उचलण्याची वेळ कधी येत नव्हती. पाण्याच्या बाटलीची पिशवी विणायला घेतली, की मात्र हाच दोरा एकदम कष्टकरी होतो. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन, त्यात स्टीलच्या बाटलीची भर. आणि हे सगळे खांद्याला लटकून गोव्यातल्या दिवाडी बेटाच्या फेरीबोटीत चढणार, बसमध्ये उभे राहणार, मोटारसायकल पायलटच्या, म्हणजे भाड्याच्या दुचाकीवाल्याच्या, मागे बसून खड्ड्यांतून उसळणार. इथे नक्षीचे कौतुक नंतर. आधी टाका टिकला पाहिजे.

सुरुवात तळापासून होते. दोऱ्याच्या फासात ६ मुके खांब, म्हणजे क्रोशाचे आखूड, घट्ट टाके, घालायचे, दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन घालून १२ करायचे आणि पुढे दर फेरीला सहा-सहा वाढवत न्यायचे. हा सहाचा आकडा कुणी हौसेने ठरवलेला नाही. मुका खांब साधारण जेवढा रुंद तेवढाच उंच असतो; त्यामुळे वर्तुळाची त्रिज्या एका टाक्याने वाढली, की परीघ सव्वासहा टाक्यांनी वाढतो, आणि वरचा पाव टाका दोरा आपल्या ताणात गिळून टाकतो. साधा खांब याच्या दुप्पट उंच, म्हणून तिथे वाढही बाराची. सहाऐवजी पाच-पाच वाढवले तर तळाची वाटी होते, आठ-आठ वाढवले तर झालर. वाढीचे टाके दर फेरीला एकावर एक आले, तर गोलाचा षट्कोन होतो, म्हणून त्यांची जागा थोडी थोडी सरकवावी लागते. शाळेत भूमितीच्या तासाला खिडकीबाहेर पाहणाऱ्या बायका हे गणित सुईच्या टोकावर बिनचूक सोडवतात, याची नोंद गणिताच्या शिक्षकांनी घ्यायला हरकत नाही. जाडसर सुती दोरा आणि साडेतीन मिलिमीटरची सुई असेल, तर आठव्या फेरीला ४८ टाक्यांवर सव्वासात सेंटीमीटरचा तळ मिळतो आणि नेहमीची लिटरची बाटली त्यावर नीट उभी राहते. त्यानंतर वाढ थांबवायची, एक फेरी टाक्याच्या फक्त मागच्या धाग्यातून घालायची. कड ताठ वळते आणि भिंत आपोआप वर चढू लागते.

भिंतीसाठी मी जाळीचा आग्रह धरते: एक खांब, एक साखळी, खालचा एक टाका सोडून पुन्हा खांब. ‘एवढी भोके कशाला ठेवलीस गं?’ असे शेजारच्या काकूंनी विचारलेच होते. त्याचे उत्तर इथल्या हवेत आहे. एप्रिल-मे महिन्यांत फ्रीजमधून काढलेली साधी स्टीलची बाटली चार पावले चालेपर्यंत घामाने निथळू लागते. घट्ट विणीची पिशवी हा सगळा घाम पिऊन चिंब होते आणि तो सावकाश आपल्या कुडत्याला देते. जाळीतून वारा खेळतो, शिवाय बाटली काचेची असेल तर पाणी किती उरले तेही दिसते. ॲक्रिलिकची लोकर पाणी धरत नाही, लवकर वाळते आणि रंगही झकास मिळतात, पण वजनाखाली ती ओघळत जाते. सुती धाग्याचा एक गुण मला फार आवडतो: भिजल्यावर तो कमजोर होत नाही, उलट अधिक ताण सोसतो. पावसाळ्यात मात्र त्याचे काही खरे नाही. मिरगापासून चवथीपर्यंत ज्या घरात चामड्याच्या चपलांवर बुरशी फुलते, तिथे ओली सुती पिशवी खुंटीवर विसरणे म्हणजे तिला निरोप देणेच होय.

खरी परीक्षा पट्ट्याची. दिसायला सोपे म्हणून पुष्कळजणी तो पिशवीच्या काठाला दोन बाजूंनी शिवून टाकतात, आणि मग सगळा भार त्या चार-सहा टाक्यांवर येऊन काठ कानांसारखा वर ओढला जातो. जुन्या घरांत स्वयंपाकघराच्या वाशाला सुंभाचे शिंके टांगलेले असे. त्याच्या दोऱ्या भांड्याच्या गळ्याला बांधलेल्या नसत. त्या बुडाखालून येत आणि भांडे त्यांच्या कुशीत बसे. म्हणून पट्टाही पिशवीच्या एका बाजूने खाली उतरवून, तळाखालून घेऊन दुसऱ्या बाजूने वर काढावा आणि सगळीकडे टाचावा. मग वजन तळ पेलतो, जाळीला केवळ बाटली सांभाळायची असते. पट्टा एक नंबर लहान सुईने, मुक्या खांबांनी, घट्ट विणावा, दोन्ही कडांना साखळीसारखी दिसणारी आवळ किनार घालावी आणि लांबी हवी त्यापेक्षा आखूड ठेवावी. भरलेली बाटली उरलेली लांबी स्वतःच वसूल करते; कमरेला टेकणारी बाटली आठवड्याभरात गुडघ्याशी गप्पा मारू लागते.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात अशी पिशवी मांडली, तर गिऱ्हाईक आधी हसून हात लावते आणि किंमत ऐकून हात काढून घेते. लोकरीचे स्वेटर यंत्रावर निघतात. क्रोशाचे तसे नाही. बाजारासाठी ढिगाने क्रोशे विणणारे यंत्र अजून आलेले नाही, त्यामुळे दुकानात दिसणारी स्वस्तातली क्रोशाची वस्तूसुद्धा कुणाच्या तरी बोटांनीच विणलेली असते, आणि ती स्वस्त कशी झाली याचे उत्तर त्या बोटांच्या मजुरीत असते. मी घासाघीस करत नाही. फार तर दोरा तुमचा, विणणे माझे, अशी तडजोड करते.

अलीकडे प्रत्येकाला त्याच पिशवीला मोबाईलचा कप्पा हवा असतो. घाम गाळणाऱ्या बाटलीला फोन चिकटवून ठेवण्यात काय शहाणपण आहे, हे विचारण्याच्या फंदात मी पडत नाही. सरळ नाही म्हणते. बसच्या सुट्ट्या पैशांसाठी पट्ट्यावर वरच्या बाजूला एक बोटभर खिसा मात्र विणून देते, त्याचे वेगळे पैसे लावत नाही.