तुम्ही विचारलंत म्हणून: सुमोच्या आठव्या दिवशी एवढं काय असतं?

‘‘शेवटच्या रविवारी कोण जिंकलं ते कळणारच आहे, मग आत्तापासून रोज त्या तक्त्यात काय डोकं घालून बसतेस?’’ दर विषम महिन्यात सुमोची मोठी स्पर्धा सुरू झाली की घरातलं नाहीतर ऑफिसातलं कुणीतरी हे विचारतंच. वरच्या गटाच्या कुस्त्या जपानमध्ये संध्याकाळी चार ते सहा चालतात, म्हणजे आपल्याकडे दुपारी साडेबारा ते अडीच. ऐन जेवणाच्या वेळी माझं लक्ष ताटात नसतं, हे सगळ्यांना दिसतं. विचारणाऱ्यांना दोन वाक्यांत उत्तर हवं असतं, पण ते दोन वाक्यांत मावत नाही. म्हणून एकदा नीट लिहिते.

सुमोत अंतिम सामना नसतो. उपांत्य फेरी नाही, गटसाखळी नाही, हरला म्हणून कुणी घरी जात नाही. स्पर्धा पंधरा दिवसांची, रविवारी सुरू होऊन रविवारी संपणारी. वरच्या गटात, म्हणजे माकुउचीत, ४२ पैलवान असतात आणि प्रत्येकजण रोज एक कुस्ती खेळतो. पंधरा दिवसांनी ज्याचे विजय सर्वांत जास्त, त्याला सम्राटाचा चषक. दोघा-तिघांचे विजय सारखे झाले, तर त्याच संध्याकाळी त्यांच्यात निर्णायक कुस्ती.

आता हिशोब बघा. प्रत्येकासमोर ४१ जण आहेत आणि कुस्त्या फक्त पंधरा. एकाच स्पर्धेत दोघांची पुन्हा गाठ पडत नाही, निर्णायक कुस्ती तेवढी सोडून. मग कोण कुणाशी लढणार हे कोण ठरवतं? पंच ठरवतात, म्हणजे निवृत्त झालेले जुने पैलवान. तेही सगळं एकदम ठरवत नाहीत. पहिल्या दोन दिवसांच्या जोड्या आधी लागतात, पुढे एकेक दिवसाच्या आदल्या दिवशी. कोण किती जिंकलाय ते बघून उद्याची जोडी लागते. आपल्याकडे जत्रेच्या फडात जाणती मंडळी तोडीस तोड बघून जोड्या लावतात, त्यातली जाण आणि डोळा इथेही तोच लागतो. फरक एवढाच की फडातली कुस्ती झाली की झाली. इथे आज लावलेल्या जोडीने पंधराव्या दिवसाचा चेहरा बदलतो.

मुळात पंचांकडे एक साचा असतो. योकोझुना आणि ओझेकी हे सर्वांत वरचे, त्यांच्याखाली सेकिवाके आणि कोमुसुबी, आणि त्यांच्याखाली माएगाशिरा, एक नंबरपासून साधारण सतरापर्यंत. वरचे लोक एकमेकांशी मुख्यतः दुसऱ्या आठवड्यात भिडतात. पहिल्या आठवड्यात ते वरच्या नंबरांच्या माएगाशिरांशी खेळतात. तळाचे माएगाशिरा तेवढ्या वेळात आपापसांत झुंजतात.

म्हणजे आठव्या दिवशी तक्त्यावर दोन जणांच्या नावापुढे ७-१ दिसलं, तर ते दोन अगदी वेगळे आकडे असतात. एकाने ओझेकींशी झुंजून सात विजय मिळवलेत आणि त्याचा डोंगर ओलांडून झालाय. दुसऱ्याने तळाच्या लोकांशी खेळून सात मिळवलेत, त्याचा डोंगर अजून पुढे आहे. नुसते विजय मोजणाऱ्याला हे दिसत नाही. आठव्या दिवशी मी तक्ता उघडून बसते ती हेच वाचायला: कोणाचं कुणाशी व्हायचं राहिलंय.

जानेवारी २०२१ घ्या. दोन्ही योकोझुना त्या स्पर्धेत नव्हते. दाइएइशो माएगाशिरा एक नंबरचा होता, म्हणजे पहिल्याच आठवड्यात सगळे वरचे लोक त्याच्याच वाट्याला. तिन्ही ओझेकींना त्याने हरवलं, सेकिवाके-कोमुसुबींनाही हरवलं आणि आठव्या दिवशी तो आठच्या आठ जिंकून उभा होता. त्याच्याकडून कुणाचीच तशी अपेक्षा नव्हती, पण राहिलेल्या कुस्त्या बघितल्या तर पुढची वाट उताराची होती. दुसऱ्या आठवड्यात तो हरलाही, दोनदा, आणि दोन्ही वेळा आपल्यापेक्षा खालच्या नंबरच्या माणसांकडून. पण आधी केलेली कमाई पुरली. १३-२ करून त्याने चषक नेला.

आणि आता उलटं उदाहरण. ते सांगताना माझा आवाज अजूनही चढतो.

मार्च २०२४, ओसाका. ताकेरूफुजी नावाचा चोवीस वर्षांचा मुलगा वरच्या गटात पहिल्यांदाच आला होता, माएगाशिरा १७ नंबर, जवळजवळ तळाशी. केस अजून वरच्या गटातल्या मोठ्या अंबाड्याइतके वाढलेले नव्हते, साधी शेंडी बांधून तो उभा राहायचा. धडक अशी की समोरचा दोन-तीन सेकंदांत कड्याबाहेर. आठव्या दिवशी त्याचेही आठच्या आठ विजय होते, दाइएइशोसारखेच. पण हे आठ तळाचे आठ होते. पंचांनी मग काय केलं? त्याला वर खेचलं. दहाव्या दिवशी ओनोसातो, जो पुढे योकोझुना झाला. ताकेरूफुजी जिंकला. अकराव्या दिवशी ओझेकी कोतोनोवाका. तीही जिंकला. पदार्पणापासून सलग अकरा विजय, ताइहो या थोर योकोझुनाने १९६० मध्ये केलेल्या विक्रमाची बरोबरी. बाराव्या दिवशी समोर ओझेकी होशोर्यू आणि तिथे पहिला पराभव. तेराव्या दिवशी तो सावरला.

चौदाव्या दिवशी आसानोयामाशी कुस्ती. जिंकला असता तर चषक त्याच दिवशी ठरला असता. तो हरला आणि उजवा घोटा असा दुखावला की त्याला उठवेना. रुग्णवाहिकेतून दवाखान्यात नेलं. त्या रात्री तो पंधराव्या दिवशी उतरेल यावर पैज लावायला कुणी धजलं नसतं. त्याच्याच आखाड्यातला योकोझुना तेरूनोफुजी त्याच्याशी बोलला. स्वतः गुडघ्यांच्या दुखण्यामुळे ओझेकीपदावरून थेट तळाच्या गटांपर्यंत घसरून पुन्हा वर चढलेला तो माणूस, त्याच्या शब्दाला वजन होतं. दुसऱ्या दिवशी ताकेरूफुजी पट्ट्या बांधून दोह्योवर, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या चौथऱ्यावर, चढला, गोनोयामाला कड्याबाहेर ढकललं आणि १३-२ वर स्पर्धा जिंकली. वरच्या गटातल्या पदार्पणात चषक! याआधी हे १९१४ मध्ये घडलं होतं. ११० वर्षं.

फक्त शेवटची कुस्ती बघणाऱ्याला पाय बांधलेला एक मुलगा जिंकताना दिसला, आणि ते दृश्यही मोठंच होतं. पण दहाव्या, अकराव्या, बाराव्या दिवशी पंच त्याच्यासमोर एकेक मोठं नाव आणून उभं करत होते, ते ज्यांनी रोज बघितलं, त्यांना त्या शेवटच्या कुस्तीच्या मागे काय काय आहे ते कळलं.

अर्धी शर्यत झाल्यावर आघाडी म्हणजे काय, हेही सांगायला हवं, कारण ‘‘दोन विजयांनी पुढे आहे, आता कोण पकडणार’’ हे वाक्य मी फार ऐकते. मे २०१२ मध्ये किसेनोसातो अकरा दिवसांनंतर दोन विजयांनी पुढे होता. राहिल्या होत्या चार कुस्त्या. त्यातल्या तीन तो हरला. आणि ज्याच्याकडे कुणी बघतच नव्हतं तो मंगोलियात जन्मलेला क्योकुतेन्हो, माएगाशिरा सात, पाचव्या दिवशी २-३ वर होता. तिथून पुढे त्याने एकही कुस्ती हरली नाही. शेवटच्या दिवशी आणखी एक नवल घडलं: तोचिओझानचा प्रतिस्पर्धी, ओझेकी कोतोओशू, दुखापतीमुळे उतरलाच नाही. सुमोत न येणारा हरतो आणि समोरच्याला विजय मिळतो. त्या न खेळलेल्या कुस्तीमुळे तोचिओझान बरोबरीत आला. दोन माएगाशिरांमध्ये निर्णायक कुस्ती, इतिहासात पहिल्यांदा. ३७ वर्षांचा क्योकुतेन्हो जिंकला आणि विजयाच्या मिरवणुकीत उघड्या गाडीत त्याच्या शेजारी झेंडा घेऊन बसला होता खुद्द योकोझुना हाकुहो.

जानेवारी २०२५ तर अगदी ताजं. होशोर्यूच्या नावावर दुसऱ्या आठवड्याच्या सुरुवातीलाच तीन पराभव लागले होते. त्यानंतर तो हरलाच नाही. शेवटच्या दिवशी कझाकस्तानच्या किन्बोझानला ओहो नावाच्या पैलवानाने अडवलं, तिघेही १२-३ वर आले आणि तिहेरी निर्णायक फेरीत होशोर्यूने एकापाठोपाठ दोघांना हरवलं, कारण तिघे असले की सलग दोन जिंकाव्या लागतात. तो योकोझुना झाला तो याच जोरावर.

एक नियम नवख्यांना माहीत नसतो, म्हणून सांगते. एकाच आखाड्यातले पैलवान नेहमीच्या कुस्त्यांत एकमेकांशी लढत नाहीत. एकत्र जेवणारे, एकत्र सराव करणारे दोघे आघाडीवर असले तर पंचांना त्यांची जोडी लावताच येत नाही, आणि शर्यतीत त्याने फार मोठा फरक पडतो. निर्णायक कुस्तीत मात्र ही सूट नाही. नोव्हेंबर १९९५ मध्ये फुकुओकात सख्खे भाऊ वाकानोहाना आणि ताकानोहाना बरोबरीत आले आणि त्यांना एकमेकांसमोर उभं राहावं लागलं. थोरला जिंकला.

आता तुम्ही विचारता त्यातला दुसरा भाग: ‘‘मग तू कुणाच्या बाजूने?’’

ताकायासूच्या.

१९९० मध्ये इबाराकीत जन्मलेला, आई फिलिपाइन्सची, वडील जपानी. २०१७ ते २०१९ तो ओझेकी होता, मग पाठीच्या आणि कोपराच्या दुखण्यांनी ते पद गेलं. धिप्पाड, केसाळ छाती, धडक अशी की प्रेक्षागृहात आवाज घुमतो. त्याने चषक कधीच जिंकलेला नाही. आणि तो जवळ आलाच नाही असं मुळीच नाही. मार्च २०२१ मध्ये तो आघाडीवर होता, शेवटी १०-५ वर थांबला. मार्च २०२२ मध्ये पहिल्या दहाच्या दहा कुस्त्या जिंकून तो एकटा पुढे होता. शेवटी वाकाताकाकागेशी निर्णायक कुस्ती झाली. कड्यावर जाऊन टेकलेला वाकाताकाकागे तिथून वळला आणि ताकायासू बाहेर. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये शेवटच्या दिवशी तामावाशीकडून पराभव आणि चषक तामावाशीला, तोही ३७ वर्षांचा. नोव्हेंबरमध्ये शेवटच्या सकाळी ताकायासू एकटा आघाडीवर होता, १२-२. एक विजय हवा होता. आबीने त्याला हरवलं, तिहेरी फेरी झाली आणि त्यातही पहिल्याच कुस्तीत पुन्हा आबीने हरवलं. एका संध्याकाळी एकाच माणसाकडून दोनदा. एका वर्षात तीनदा हाताशी आलेला चषक गेला. मार्च २०२५ मध्ये, वयाच्या ३५ व्या वर्षी, तो पुन्हा बरोबरीत आला आणि निर्णायक कुस्तीत ओनोसातोकडून हरला.

विजेत्यांच्या यादीत या माणसाचं नाव नाही. फक्त शेवटचे निकाल जपून ठेवणाऱ्या कुणाला तो कधी होता हेच कळणार नाही. पण या वर्षांतल्या शर्यतींचा मधला भाग ज्याने बघितलाय, त्याच्यासाठी ताकायासू त्या शर्यतींच्या मधोमध उभा आहे. दहाच्या दहा जिंकलेला ताकायासू हे मार्च २०२२ मधलं खरं घडलेलं सत्य आहे, आणि पाच दिवसांनी दुसऱ्या कुणाच्या हातात चषक गेला म्हणून ते पुसलं जात नाही. मला हे फार मनापासून वाटतं. माती कुटून बांधलेल्या त्या चौथऱ्यावर दहा दिवस रोज एक माणूस कुणाला हलू देत नव्हता. ते मी बघितलं नाही असं कसं म्हणू?

हाकुहोच्या बहराच्या काळात हे सगळं कमी जाणवायचं. त्याने ४५ वेळा चषक जिंकला. तो चांगल्या रंगात असला की मधल्या दिवसांत एवढंच बघायचं उरायचं की त्याला कुणी एकदा तरी हरवतो का. तो २०२१ मध्ये निवृत्त झाला आणि त्याच्या आगेमागे शर्यत मोकळी झाली. २०२० च्या जानेवारीत तोकुशोर्यू, जुलैत तेरूनोफुजी, दोघेही माएगाशिरा सतरा नंबरवरून जिंकले. आबी नऊ नंबरवरून. कोतोशोहो जुलै २०२५ मध्ये पंधरा नंबरवरून. आता तळाच्या कुणी पहिल्या आठवड्यात सात-आठ जिंकले की ते दुर्लक्षून चालत नाही. पंचांनाही नाही, मलाही नाही.

तर पुढच्या स्पर्धेत मधल्या रविवारचा तक्ता मी तुम्हालाही दाखवीन. आघाडीवरच्या चार-पाच जणांची नावं घ्या, त्यांच्यापुढे अजून कोण कोण उरलेत ते लिहा, आणि उद्याच्या जोड्या तुम्हीच लावून बघा: तळाच्या त्या आठ-शून्यला उद्या ओझेकी द्यायचा की परवा? दुसऱ्या दिवशी पंचांनी काय केलं ते ताडून बघा. ताकायासूची जोडी लावायची असेल तर मात्र मला विचारू नका, मी त्याला सगळ्यांत सोपा माणूस देईन.