दिवा मंदावला की

दुपारी इमारतीतली पाण्याची मोटर सुरू झाली की घरातला दिवा किंचित मंदावतो. मोटर दिसत नाही, ती कुणी लावली तेही दिसत नाही. पण रोज त्याच वेळी आणि तेवढाच दिवा बसला, की टाकीत पाणी चढतंय हे न उठता कळतं.

परग्रहांची, म्हणजे दुसऱ्या ताऱ्यांभोवती फिरणाऱ्या ग्रहांची, आपली ओळख बहुतेक याच जातीची. वर्तमानपत्रात त्यांची निळी-तांबूस चित्रं येतात आणि खाली बारीक अक्षरांत ‘चित्रकाराची कल्पना’ असं छापलेलं असतं. ते कोण वाचतो? खरा ऐवज म्हणजे ताऱ्याचा प्रकाश वेळेनुसार मोजलेला, ठिपक्यांचा एक आलेख, मध्येच खळी पडलेला.

१९९९ साली एचडी २०९४५८ या ताऱ्याच्या आलेखात अशी खळी सापडली. दर साडेतीन दिवसांनी, सुमारे तीन तास, प्रकाश दीड टक्क्याने उतरलेला. म्हणजे समोरून जाताना ग्रहाने ताऱ्याच्या तबकडीचा दीड टक्का झाकला. वर्गमूळ काढा, ग्रहाचा व्यास ताऱ्याच्या साधारण एक अष्टमांश निघतो. वजन मात्र सावलीवरून कळत नाही, त्याला वर्णपट लागतो, म्हणजे ताऱ्याचा प्रकाश रंगांत फोडून मिळणारा पट्टा. ग्रहाच्या ओढीने तारा डुलतो आणि वर्णपटातल्या काळ्या रेषा त्याच्यासोबत इकडेतिकडे सरकतात. मिशेल मायोर आणि दिदिए केलो या खगोलशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये ‘५१ पेगासी’ या ताऱ्याचा ग्रह असाच पकडला. तारा सेकंदाला पन्नासेक मीटरने मागेपुढे होत होता, दर सव्वाचार दिवसांनी. पूर्वाभाद्रपदेच्या दोन ताऱ्यांच्या मधोमध, जरा पश्चिमेला बघा. गावाकडच्या काळ्याकुट्ट आकाशात तो तारा नुसत्या डोळ्यांनीही जेमतेम दिसतो.

फसगतही भरपूर होते. मागे दूरवर एकमेकांना झाकणारे जोडतारे असतील तर त्यांचा प्रकाश पुढच्या ताऱ्यात मिसळतो आणि मोठी खळी ग्रहाएवढी उथळ भासते. शेजाऱ्याचा दिवा गेला आणि आपण आपला फ्यूज तपासत बसलो, तसं. म्हणून खळीचा तळ बघायचा. ग्रहाची खळी बहुधा सपाट बुडाची असते, जोडताऱ्यांची पुष्कळदा टोकदार. शिवाय एकावर विसंबायचं नाही, सारख्या अंतराने तीन खळ्या हव्यात.

इथेच पृथ्वीसारख्यांची पंचाईत. दुरून कुणी आपल्या सूर्यावर नजर ठेवली, तर पृथ्वीमुळे दहा हजारांत एक भागाहूनही कमी प्रकाश उतरेल, तोही वर्षातून एकदा, जास्तीत जास्त तेरा तास. केप्लर ही अवकाश दुर्बीण असल्याच खळ्या शोधायला २००९ मध्ये गेली. मोहीम साडेतीन वर्षांची ठरवली होती. ताऱ्यांचा स्वतःचाच प्रकाश अपेक्षेपेक्षा जास्त चुळबुळा निघाला, म्हणून मुदत वाढवली, तर २०१३ मध्ये दुर्बीण स्थिर धरणाऱ्या चार चाकांपैकी दुसरं बंद पडलं.

आणि हे सगळं कक्षा नेमकी आपल्या नजरेच्या रेषेत आडवी असेल तरच. पृथ्वीसारख्या कक्षेबाबत हा योग दोनशेत एखादा. उरलेल्या एकशे नव्व्याण्णव घरांत मोटर चालू असते, पाणी चढतं, दिवा मात्र हलत नाही.