दीड तासात १९ फोन

२०२१ची दिवाळी होऊन आठवडा झाला असेल. भोसरी एमआयडीसीतल्या काकांच्या वर्कशॉपला गिऱ्हाईक येणार होतं. मालाला नव्हे, वर्कशॉपलाच. मी सीएची आर्टिकलशिप, म्हणजे उमेदवारी, करत होते तेव्हापासून काकांच्या फाइली माझ्याकडे. वय सदुसष्ट, मुलगा कॅनडात, तो परत येणार नाही हे काका आता न चिडता सांगायला लागले होते.

मी तीन वर्षांचे ताळेबंद छापून, स्पायरल करून नेले होते. चाकणहून आलेल्या त्या गृहस्थांनी ते उघडलेसुद्धा नाहीत. केबिनमध्ये बसून चहा घेत राहिले. काकांचा फोन मात्र थांबेना. मशीनवरचा पोरगा विचारतोय, इन्सर्ट कुठला लावू. प्लेटिंगवाल्याची गाडी आलेली नाही. कंपनीच्या परचेसमधून रेट हवाय, की काका खिशातली लाल डायरी काढून अंगठ्याने पान उलटणार. डायरीतलं अक्षर फक्त काकांनाच लागायचं.

दीड तासाने पाहुणे म्हणाले, "काका, १९ फोन झाले. सगळे तुम्हालाच. मशिनं मला बाजारात मिळतील हो, पण उद्या तुम्ही घरी बसलात तर मी घेतलं काय?"

रात्री काकांचा फोन. "मॅडम," म्हणाले. चिडले की मी मॅडम होते, एरवी अगंतुगं. "एकतीस वर्षं घातली आणि हा मला भंगाराचा भाव सांगतो!"

भाव कमी होता हे खरंच, पण तो माणूस चुकीचं बोलला नव्हता. मी काकांना म्हटलं, दोन वर्षं द्या.

डायरी कॉम्प्युटरवर चढवायलाच चार महिने गेले. सुपरवायझरला कोटेशन काढायला बसवलं. दर बुधवारी काकांनी वर्कशॉपमध्ये पाऊल टाकायचं नाही असं ठरलं, तर पहिल्या बुधवारी ते समोरच्या टपरीवर दिवसभर बसून गेटकडे बघत होते.

त्यात जुनी लफडी एकेक वर आली. प्लॉट ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर, दोघा भावांच्या नावे. भाऊ जाऊन नऊ वर्षं झाली तरी वारसनोंद नव्हती. ती झाल्याशिवाय हस्तांतरणाचा अर्ज काय करणार? ग्रॅच्युइटीची, म्हणजे कामगार नोकरी सोडताना द्यायच्या रकमेची, तरतूद शून्य. एकट्या फोरमनचंच बघा: बेसिक आणि महागाई भत्ता मिळून २६,००० रुपये, नोकरी २२ वर्षं, महिन्याचे सव्वीस दिवस धरून दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार या हिशोबाने ३,३०,००० रुपये. काका म्हणाले, "पण तो कुठं सोडून चाललाय?" तो नाही, तुम्ही चाललायत, म्हटलं. असे चौदा जण होते. चाकणवाल्यांनी पुढे सगळ्यांची नोकरी सलग धरली आणि तेवढी रक्कम किमतीतून कापली.

मशिनं सुटी विकायची की चालू धंदा एकरकमी, यावर दोन रविवार गेले. घसारा खाऊन मशिनं पुस्तकात कवडीमोल झालेली. सुटी विकली तर नफा अल्पमुदतीचा धरला जाणार, म्हणजे कर जास्त. सगळा धंदा एकरकमी विकला, ज्याला स्लंप सेल म्हणतात, तर धंदा ३६ महिन्यांहून जुना असल्यामुळे तेव्हाच्या नियमाने २० टक्के कर, वर अधिभार-सेस. शिवाय चालू धंदा म्हणून दिला की जीएसटी नाही.

डिसेंबर २०२३मध्ये सह्यांना बसलो. किमतीचा पाचवा हिस्सा वर्षभराने, मोठ्या कंपनीच्या ऑर्डरी टिकल्या तर. काकांना ते शेवटपर्यंत पटलं नाही. मलाही दहावा हिस्सा पुरे वाटत होता. पाच वर्षं पुणे जिल्ह्यात हा धंदा करायचा नाही, हे कलम वाचून ते हसले. "एकोणसत्तराव्या वर्षी मी कुठं लेथ लावणार?"

"तुम्ही लावाल, म्हणूनच लिहिलंय," चाकणवाले म्हणाले.

वाचन, दुरुस्त्या, सह्या यात दोन तास गेले. काकांचा मोबाइल टेबलावर उताणा पडला होता. मध्येच त्यांनी तो उचलला, बाजूचं बटण दाबून बघितलं आणि माझ्याकडे सरकवला.

"अगं, बघ जरा. सायलेंटवर गेलाय का हा?"