सरासरी डॅमेज आणि सात हिट पॉइंटचा गॉब्लिन

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून खेळायच्या भूमिका-खेळाच्या पाचव्या आवृत्तीत कोणते पात्र अधिक घातक, हा वाद आमच्या टेबलावर नेहमी ‘डीपीआर’पाशी, म्हणजे एका फेरीत शत्रूला होणाऱ्या सरासरी डॅमेजपाशी (इजेपाशी), येऊन थांबतो. माझाही त्या आकड्यावर पूर्ण भरवसा होता. पाचव्या लेव्हलच्या माझ्या फायटरकडे ग्रेटस्वर्ड आहे. स्ट्रेंग्थ १८ असल्यामुळे हल्ल्याच्या फाशात ७ मिळवायचे आणि वार लागला की २डी६+४ (सहा बाजूंच्या दोन फाशांची बेरीज अधिक ४), म्हणजे सरासरी ११ डॅमेज. समोरच्याचा आर्मर क्लास, म्हणजे वार लागण्यासाठी गाठायची बेरीज, १५ असेल, तर डी२० वर (वीस बाजूंच्या फाशावर) ८ किंवा अधिक पडले की वार लागतो, म्हणजे शक्यता ६५ टक्के. क्रिटचे, म्हणजे डी२० वर २० पडल्यावर मिळणारे, जादा फासे धरून एका वाराला ७.५ आणि दोन वारांच्या फेरीला १५ असा हिशेब बसतो.

२०१४ च्या नियमांतील ग्रेट वेपन मास्टर हे फीट (पात्राचे खास कौशल्य) घेतले, की हल्ल्यातून ५ वजा करून डॅमेजमध्ये १० मिळवता येतात. शक्यता ४० टक्क्यांवर उतरते, पण लागलेला वार सरासरी २१ चा होतो आणि फेरी १७.५ वर जाते. आर्मर क्लास १७ पर्यंत हा सौदा परवडतो. १८ ला साधी फेरी ११.७ आणि जोरकस फेरी ११.२ असे पारडे फिरते, आणि ॲडव्हांटेज (दोनदा डी२० टाकून मोठा आकडा घेण्याची सवलत) मिळाला तर पुन्हा उलटते. हे सगळे कोष्टक मी वहीच्या मागच्या पानावर मांडून ठेवले होते.

मग गॉब्लिन आला. त्याचा आर्मर क्लास नेमका १५, म्हणून मी निःशंकपणे ५ वजा केले; फाशावर ११ पडले, बेरीज १३ झाली आणि वार हुकला. साध्या वारात हीच बेरीज १८ भरली असती. गॉब्लिनचे हिट पॉइंट (ते संपले की तो पडतो) असतात ७, आणि माझा साधा वार कमीत कमी ६ चा. दोन्ही फाशांवर १ पडण्याची छत्तिसांतली एक वेळ सोडली, तर लागलेला प्रत्येक वार त्याला आडवा करतो. २१ पैकी १४ डॅमेज वाया जाते, पण सरासरी तेही इमानेइतबारे मोजते. शिवाय याच फीटमुळे शत्रू पडला की बोनस ॲक्शनमध्ये आणखी एक वार करता येतो. माझा तोही हुकला.

हिल जायंटसमोर मात्र तेच कोष्टक खरे ठरते. १०५ हिट पॉइंट आणि आर्मर क्लास १३ असताना साधी फेरी १७.२ ची, तर जोरकस फेरी २१.७ ची, म्हणजे साधारण सहा फेऱ्यांचे काम पाचांत होते. आणि वाचलेल्या एका फेरीत, लागले तर प्रत्येकी सरासरी १८ चे असे त्याच्या सोट्याचे दोन तडाखे टळतात.

२०२४ च्या सुधारित नियमांत ही वजाबाकीच काढून टाकली असून डॅमेजमध्ये प्रोफिशिएन्सी बोनस (लेव्हलनुसार वाढणारा आकडा) मिळवला जातो. आमचे टेबल अजून २०१४ वरच आहे. त्यामुळे कोष्टकात मी एक रकाना वाढवला आहे, शत्रूच्या उरलेल्या हिट पॉइंटचा. डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, तो आकडा अर्थातच सांगत नाही. पहिले एक-दोन गॉब्लिन साध्या वाराने पाडून तो अजमावावा लागतो.