स्टेंटनंतरची वाटचाल : कार्डिअॅक रिहॅबचा माझा अनुभव

हार्ट अटॅकनंतर हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट (ती उघडी ठेवणारी जाळीदार नळी) बसला म्हणजे आजार गेला, असं आमच्या घरात सगळेच धरून चालले होते. डिस्चार्जच्या वेळी डॉक्टरांनी नीट समजावलं. स्टेंटनं एका रक्तवाहिनीतला एक अडथळा मोकळा झाला होता. वाहिन्यांच्या भिंतीत चरबी साठण्याची क्रिया मात्र चालूच राहणार होती. ती रोखायची तर गोळ्या हव्यातच, पण रिहॅबही हवं, म्हणजे देखरेखीखालचा व्यायाम आणि समुपदेशन यांचा कार्यक्रम. त्यांनी तेव्हाच चिठ्ठी लिहून दिली, याबद्दल मी त्यांचा कायमचा ऋणी आहे. कित्येक रुग्णांना अशी सोय असते हेच कुणी सांगत नाही.

रिहॅबचा पहिला टप्पा रुग्णालयातच होतो: पलंगावरून उठणं, व्हरांड्यात चालणं. दुसरा टप्पा ओपीडीत, देखरेखीखाली. ठरलेला कार्यक्रम बहुधा १२ आठवडे, ३६ सत्रांचा असतो. तिसरा टप्पा म्हणजे पुढे स्वतःच व्यायाम चालू ठेवणं, त्याला शेवट नाही.

ओपीडीत सुरुवातीलाच सहा मिनिटं चालायला लावून अंतर मोजलं. मग छातीला ईसीजीच्या तारा लावून ट्रेडमिल. माझी खरी अडचण पायांत नव्हती, भीतीत होती. श्वास जरा वाढला की पुन्हा अटॅक येतोय असं वाटायचं. फिजिओथेरपिस्ट ताईंनी भिंतीवरचा बोर्ग स्केल दाखवला. त्यावर ६ ते २० आकडे असतात आणि आपल्याला किती श्रम वाटतात ते आपणच सांगायचं. ११ म्हणजे हलकं, १३ म्हणजे काहीसं जड. मी विचारलं, नाडी मोजून का भागत नाही? त्या म्हणाल्या, ‘काका, तुम्ही बीटा ब्लॉकर घेता. त्या गोळीनं नाडी फार वाढत नाही, म्हणून कमाल नाडी काढायचं २२० वजा वय हे गणित तुम्हाला लागू पडत नाही.’ चालताना सलग बोलता आलं पाहिजे, गाता येईल इतकं मात्र सोपं वाटू नये, ही खूण मी आजही वापरतो. पडद्यावर ईसीजी शांत, ताई शेजारी आणि मला १३ वाटतंय, असं पुन्हा पुन्हा घडत गेलं तशी धाप आणि धोका यांतला फरक अंगात मुरला. हा फरक कुठल्याही गोळीनं मला दिला नसता.

व्यायाम एकदम थांबवायचा नाही, कारण रक्त पायांत साचून चक्कर येऊ शकते. हलकी वजनं उचलताना श्वास रोखायचा नाही, त्यानं बीपी झटकन चढतं. दोन्ही गोष्टी आता सवयीच्या झाल्या आहेत.

आमच्या गटात जोखमीच्या घटकांवर बरीच चर्चा व्हायची. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासाचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. धूम्रपान, कोलेस्टेरॉलचं बिघडलेलं प्रमाण, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मानसिक ताण, आहार, दारू आणि व्यायामाचा अभाव, या नऊ घटकांशी हार्ट अटॅकच्या जोखमीचा सुमारे ९० टक्के वाटा जोडलेला आढळला. माझ्या वडिलांनाही हृदयविकार होता, त्यामुळे सगळं नशिबावर टाकणं मला सोपं होतं. त्या यादीनं ते अवघड केलं. वंश बदलता येत नाही. बीपी, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) आणि पोटाचा घेर बदलता येतो. युरोपीय हृदयतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१९ मध्ये आमच्यासारख्यांसाठी एलडीएल ५५ मिग्रॅ/डेसीलिटरच्या खाली असावं असं सुचवलं. माझे डॉक्टर तोच आकडा धरून चालतात आणि स्टॅटिनचा (कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळीचा) डोस त्यानुसार ठरवतात.

मनाबद्दलही लिहायला हवं. अटॅकनंतर नैराश्य येणं अजिबात दुर्मीळ नाही आणि ते आलं की माणूस गोळ्याही टाळतो, व्यायामही. मला समुपदेशकांकडे पाठवलं गेलं आणि तो उपचाराचाच भाग मानला गेला, हे मला फार मोलाचं वाटतं.

सत्रं संपली की मॉनिटर जातो, सोबत जाते. व्यायाम सोडून देणाऱ्यांची गळती इथेच होते. आम्ही गटातले काहीजण म्हणून ठरलेल्या वेळी एकत्र चालतो, आठवड्याला निदान १५० मिनिटं. छातीत दुखल्यास जिभेखाली ठेवायची गोळी प्रत्येकाच्या खिशात असते आणि ती कधी घ्यायची, मदत कधी बोलवायची, हे प्रत्येकाच्या घरच्यांना पाठ आहे. काही महिन्यांनी ओपीडीत पुन्हा सहा मिनिटांची चाचणी, बीपी आणि लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलची रक्ततपासणी) होतं. नव्यानं दाखल झालेले रुग्ण तेव्हा तिथे असतात. ताई आम्हाला त्यांच्याशी बोलायला थांबवतात, आणि पहिला प्रश्न बहुतेक वेळा जिना चढण्याचाच असतो.